लेप्टन जोतीरामचं राहिलेलं पदक

जोतीराम लेप्टनचं गावात कुणाशीच धड जमत नव्हतं आणि त्याला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. रहिमतपूरच्या अलीकडं दोन कोसांवर त्याचं गाव. गाव उसाचं आणि फौजेचं. घरटी एक तरी माणूस पलटणीत गेलेला, पण सगळे पायदळात. विमान चालवलेला माणूस अख्ख्या पंचक्रोशीत हा एकच, आणि तोच नेमका असा तिरसट निघाला. सरपंचाला तोंडावर मूर्ख म्हणायचा, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला उसातून हाकलून द्यायचा आणि सोसायटीच्या सभेत बोलायला उठला, की लोक निमूटपणे तंबाखूची चंची सोडायचे. आता तासभर सुटका नाही, हे त्यांना ठाऊक असायचं.

गावानंही त्याचं उट्टं काढायची जागा हेरून ठेवली होती. दसऱ्याला सोनं लुटायला शिवेवर जाताना पेन्शनर मंडळी कोटावर पदकं लावून पुढं चालत. त्यातही ज्याला मर्दुमकीचं पदक, तो सगळ्यांच्या पुढं. जोतीरामकडं होती ती सगळी, त्याच्याच भाषेत, हजेरीची पदकं. तो ती लावतच नसे, आणि मोकळ्या छातीनं चौथ्या-पाचव्या रांगेत चालायचा. मग कुणीतरी मागून हटकून विचारायचं, "लेप्टनसाहेब, तुमचं मोठं मेडल अजून टपालातच हाय जनू?" जोतीरामच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अशा लोकांसाठी आपण जीव धोक्यात घातला, या विचारानं त्याला अन्न गोड लागत नसे.

जीव मात्र त्यानं खरोखरच धोक्यात घातला होता. अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या लढाईत एका डोंगरी ठाण्याला वेढा पडला होता. वाट बंद आणि दाणा संपलेला. जोतीराम आपलं डाकोटा विमान घेऊन तिथं शिधा टाकायला गेला. पुरेशी पॅराशूटं नव्हती. पिठाची, डाळीची पोती दुहेरी बारदानात शिवायची आणि दारातून लाथ मारून तशीच खाली सोडायची. दरी चिंचोळी, डोक्यावर ढग, दोन्ही कड्यांवरून गोळ्या. बरोबरची दोन विमानं परत फिरली. जोतीराम चार वेळा त्या दरीत शिरला. पंखाला भोकं पडली, शेजारच्या वैमानिकाच्या मांडीतून गोळी गेली, तरी शेवटचं पोतं सुटेपर्यंत त्यानं विमान वळवलं नाही. आणि निघताना पंख डावे-उजवे हलवून त्यानं खालच्या जवानांना रामराम केला. हा रामराम त्यानं गावात इतक्यांदा सांगितला होता, की पोरं दोन्ही हात पसरून त्याची नक्कल करायची.

"तुझं नाव वर पाठवतो," असं त्याच्या साहेबानं तेव्हा सांगितलं होतं. पुढच्याच आठवड्यात साहेबाचं विमान डोंगरावर आदळलं, आणि जोतीरामचं नाव त्याच्याबरोबर गेलं. पुढं सगळी नोकरी त्यानं या एका गोष्टीपायी वरिष्ठांशी भांडण्यात घालवली आणि शेवटी कंटाळून घरी येऊन ऊस लावला. मांडीत गोळी लागलेला तो जोडीदार मोठा अधिकारी होऊन चौऱ्याहत्तर साली निवृत्त झाला आणि पुण्याला राहायला आला. त्यानं जुनं प्रकरण पुन्हा उकरून काढलं. "माझी साक्ष आहेच," तो म्हणाला, "पण खालून बघितलेला एक माणूस हवा. तेवढा मिळव."

घोडं पेंड खात होतं ते इथंच. त्या ठाण्यावरचा हाताशी असलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे जोतीरामचा सख्खा चुलतभाऊ, निवृत्त सुभेदार हंबीरराव.

दोघांचं सव्वीस वर्षं बोलणं बंद होतं. हंबीररावचा धाकटा भाऊ नाथाजी त्याच ठाण्यावर शत्रूच्या गोळीनं गेला होता. लढाईत पडलेल्यांसाठी शिवेवर उभारलेल्या दगडावर त्याचं नाव कोरलेलं होतं. भावाला तिकडं ठेवून हंबीरराव एकटा रजेवर गावी आला, आणि महिनाभरातच जोतीरामच्या बापानं ओढ्याकडचा बांध कोरला म्हणून त्यानं या घराकडं पाठ फिरवली. गावाला नवल वाटलं नाही. भावकीत अबोला म्हणजे बांध, याहून दुसरं कारण तिथं कुणाच्या डोक्यातही येत नसे. आणि बापानं बांध खरंच कोरलेला असल्यामुळं जोतीरामलाही दुसरं कारण शोधावंसं कधी वाटलं नाही. दोघं समोरासमोर आले, तर तिसऱ्याच्या अंगावरून बोलत. तिसरा कुणी नसला, तर बैलाला सांगत.

पंचाहत्तरच्या जानेवारीत हंबीररावचं गुऱ्हाळ चालू होतं. जोतीराम तिथं गेला. कढईत रस उकळत होता, हंबीरराव चुलवणापाशी बसून पाचट आत सारत होता, आणि गुळव्या केरबा फावड्यानं रस ढवळत होता.

"केरबा," जोतीराम म्हणाला, "सुभेदारास्नी सांग, साताऱ्यास्नं साक्ष घ्यायला मेजर येनार हाय. दोन सबुद बोलायचं हाय. काय बगितलं त्येवडंच."

"केरबा," हंबीरराव जाळाकडं बघत म्हणाला, "ईमानवाल्याला म्हनावं, आमी काय बगितलं न्हाई."

केरबा बिचारा एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिला. रस उतू जायची वेळ झाली होती.

"दोन हात बांधापायी माज्या कमाईवर पानी सोडतुया म्हनावं! मी आफिसर झालो, हा शिपाई म्हनून भरती झाला, ते अजून सलतंय म्हनावं ह्येला. आन् म्हनावं, त्या दिशी मी पोती टाकली नसती तर हा उपाशी मेला आसता!"

हंबीररावनं हातातलं पाचट खाली टाकलं. "केरबा, जरा बैलं बगून ये जा."

केरबा सुटलो म्हणून पळाला. मग हंबीरराव उठला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा जोतीरामच्या तोंडाकडं बघून बोलला.

"तीन बार नीट पडलं. चवथ्याला तू लय खाली आलास. नाथा पोती वडाया पळाला हुता. तीन दिस पोटात काय न्हवतं त्येच्या. पोतं सरळ त्येच्या छातीवर आलं. पिठाचं. फुटलं. म्या उचलाया गेलो, तर पोरगं समदं पांढरं झाल्यालं. आन् वर बगतुय, तर तू पंख हालवतुयास."

"खोटं," जोतीराम म्हणाला.

"व्हय, खोटंच बोललो. आईला बोललो. साहेबाच्या पाया पडलो, गोळीनं गेला आसं लिवा म्हनलं. तिला काय सांगू? तुज्या दिराच्या पोरानं मारला?"

जोतीरामला खाली बसावंसं वाटत होतं, पण त्या माणसासमोर बसायचं नाही, एवढं भान त्याला होतं. "मला कदी सांगितलं न्हाईस."

"तुला कशाला सांगू? माफी मागून मोकळा झाला आसतास. मला जल्मभर तुला शिव्या द्यायच्या हुत्या. त्येला बांध बरा हुता." हंबीरराव थुंकला. "जा आता. गूळ बिगडंल माजा."

कुणाही भल्या माणसानं दुसऱ्या दिवशी मेजरला येऊ नका म्हणून कळवलं असतं. जोतीरामनं कळवलं नाही. रात्र रात्र तो नाथाजीला आठवायचा. विहिरीत त्याला पोहायला यानंच शिकवलं होतं. आणि सकाळ झाली, की मनात यायचं, हंबीररावनं नुसतं विमानाचंच सांगितलं तर? चार वेळा मी शिरलो, हे तर खोटं नाही ना? पदक त्याला अजून हवं होतं. स्वतःची किळस येत होती, तरी हवं होतं.

त्यात त्याच्या बायकोनं, विजयमालेनं, त्याला न विचारता परस्पर घोळ घातला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दीर ऐकत नाही म्हटल्यावर ती थेट चुलतसासूकडं गेली. हंबीररावची आई धोंडुबाई, सगळे तिला नानी म्हणत. पंच्याहत्तरी गाठलेली, कंबरेत वाकलेली, पण तिच्या शब्दाबाहेर जायची हंबीररावची अजून छाती नव्हती. नानी लेकाला म्हणाली, "माज्या नाथानं शेवटचा घास खाल्ला, त्यो जोतीबानं टाकलेला. तू साक्ष दिली न्हाईस, तर मी अन्नाला शिवनार न्हाई." का देत नाही हे सांगितल्याशिवाय नाही म्हणायची सोयच नव्हती. हंबीरराव मूग गिळून साक्षीला तयार झाला.

मेजर आला तेव्हा त्याला हंबीररावच्याच सोप्यात बसवलं. निम्मं गाव अंगणात. लेप्टनची फजिती होते का बघायलाच बरेचसे आलेले. नानी खांबाला टेकून बसली होती, आणि सव्वीस वर्षांनी त्या घराचा उंबरा चढलेल्या जोतीरामला तिनं हाताला धरून शेजारी बसवून घेतलं होतं. तो तिच्याकडं बघत नव्हता.

मेजर तरुण होता आणि सरळ होता. विमान पाहिलंत का? पाहिलं. किती वेळा आलं? चार वेळा. गोळीबार होता? होता. हंबीरराव सावधानमध्ये उभा राहून एकेक शब्दात उत्तर देत होता.  होतंय, होतंय, असं जोतीरामला वाटलं.

"पोती कुठं पडली? सगळी ठाण्याच्या आत पडली?"

"जी."

"अशी उंचावरून पडलेली पोती खालच्या माणसांनाही लागतात. त्या दिवशी कुणाला लागलं होतं का, सुभेदारसाहेब?"

मेजरनं सहज विचारलं होतं. त्याला सगळीकडं विचारायचं असतं, म्हणून विचारलं.  खोटं हंबीररावनं आईशी एकदा बोलून घेतलं होतं. वर्दीतल्या माणसासमोर, नाथाजीच्या मरणाबद्दल, ते पुन्हा त्याच्यानं बोलवेना. 

"सांग की रं," नानी म्हणाली. "गप का? नाथा कुटं हुता तवा, त्ये बी सांग सायबास्नी."

हंबीररावनं जोतीरामकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, नुसता जुना द्वेष होता. तुझ्यामुळं, तुझ्या त्या चकतीच्या हव्यासामुळं मला इथं उभं राहावं लागतंय, एवढंच त्यात होतं. त्यानं तोंड उघडलं.

"राहू द्या, मेजरसाहेब," जोतीराम ओरडून म्हणाला. "याला काही विचारू नका. त्या दिवशी ते विमान मी चालवत नव्हतो."

मेजर वळला. "काय म्हणालात?"

"मी नव्हतो. मी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरलो. तो पराक्रम दुसऱ्याचा. तो मेला, म्हणून मी माझ्या नावावर खपवला."

"पण तुमचे पुण्याचे साहेब तर..."

"ते माझे मित्र आहेत. माझ्यासाठी बोलले. मी अर्ज मागं घेतो."

मेजरचा चेहरा लाल झाला. सरकारचा वेळ, जवानांची इज्जत, असं बरंच काही तो बोलला आणि जीपकडं निघाला. अंगणात आधी कुजबुज झाली, मग एकजण फिदीफिदी हसला, आणि मागून कुणीतरी दोन्ही हात पसरून विमान करून दाखवलं. "थापाड्या!" असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, त्याचा आवाज जोतीरामच्या ओळखीचा होता. त्याच्याच शेतावरचा वाटेकरी होता तो.

नानीनं त्याचा हात सोडला होता. ती खांबाला धरून उठली.

"सव्वीस वर्सं," ती म्हणाली, "मी तुजं नाव घिऊन देवाम्होरं दिवा लावला. माज्या लेकराला घास घातलास म्हनून. आन् तू पळून आलावतास व्हय रं? माज्या मेल्याल्या लेकराच्या नावावर मेडल मागाया आलास?"

"चुकलं, नानी."

"नानी म्हनू नगंस. ह्यो उंबरा तुला बंद. आन् आयकून ठेव, मी मेल्यावर माज्या मातीला यिऊ नगंस. तुजा खांदा नगं मला."

भावकीत कितीही उभा दावा असला, तरी मातीला जायचं कुणी चुकवत नाही आणि कुणी कुणाला अडवतही नाही. अंगणातले हसणारेसुद्धा गप्प झाले. जोतीरामनं हंबीररावकडं पाहिलं. हंबीरराव छपराकडं बघत उभा होता, आणि तसाच उभा राहिला.

पुढं दसऱ्याला जोतीराम गेला नाही. पुण्याच्या साहेबाची दोन पत्रं आली, ती त्यानं न वाचता बंबात घातली. विजयमाला सहा महिने त्याच्याशी धड बोलली नाही. गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत, हे मात्र ती दिवसातून एकदा तरी ऐकवायची. हंबीररावनं बांधाचा दावा कोर्टात घातला, आणि तो जिंकला. जोतीरामच्या मनात एकदाही आलं नाही, की हा आपले उपकार मानील. मानले असते, तर त्यानंच ते हंबीररावच्या तोंडावर फेकले असते.

नानी सत्त्याहत्तरच्या थंडीत गेली. सांगली-साताऱ्याकडचे सगळे पाहुणे आले. जोतीराम दाराला कडी लावून घरात बसला. तिरडी त्याच्या दारावरूनच गेली, तेव्हा तो दाराआड उभा राहिला. पण दार त्यानं उघडलं नाही.

दुपारी विजयमाला मातीहून आली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला, आणि राग तसाच.

"पाव्हनं इच्यारत हुतं, जोतीराम का न्हाई दिसत. हंबीरभावजी काय म्हनलं ठावं हाय? समद्यांच्यात म्हनलं, 'खोटं बोलून पळून आल्याल्या मानसाचा खांदा माज्या आईला नगं हुता.'"

जोतीरामनं सदरा काढून खुंटीला अडकवला.

"बराबर म्हनला," तो म्हणाला. "अंघुळीला पानी काढ. सुतक मलाबी हाय."