जवळ आणणारी लेन्स

चष्म्याच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे लोकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेल्या फ्रेमा, आणि दुसरे किस्से. फ्रेमा मी अधूनमधून खोक्यात भरून माळ्यावर टाकतो. किश्श्यांचं तसं करता येत नाही. त्यातले निम्मे माझ्यावरचेच आहेत, आणि मी नाही सांगितले तर दत्तू सांगतो, तेही तिखटमीठ लावून. त्यापेक्षा मीच सांगितलेले बरे.

नव्वदीतली गोष्ट. आमचं तिघांचं टोळकं होतं. बारामतीत चष्म्याचं दुकान चालवणारा मी, माळेगावला साखर कारखान्यात केमिस्ट असलेला जगताप आणि वरकुट्याचा दत्तू. दत्तूच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता डाळिंबाची बाग आणि एक खटारा जीप होती. त्या जीपमुळेच आम्हाला नाद लागला तो जंगली जनावरांचे फोटो काढायचा. आमच्याकडे जंगल नाही, पण माळ आहे, आणि माळावर चिंकारा, कोल्हा, लांडगा असं सगळं फिरत असतं.

जगतापच्या मेहुण्याने दुबईहून कॅमेरा आणला होता. त्याच्यासोबत आलेल्या लेन्समधून चिंकारा तिळाएवढा दिसायचा. तेव्हा दत्तू मला म्हणाला, "डाक्टर, तुमी काचंतलं मानूस. जवळ आननारी लेन्स तुमीच निवडायची."

मी डॉक्टर नाही. चष्म्याची काच आणि कॅमेऱ्याची लेन्स यांचा फारसा संबंध नसतो, हेही मला माहीत होतं. ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दोन माणसं आपल्याकडे आशेने बघत असली की माझी मान आपोआप डोलते.

* * *

लेन्स घ्यायला आम्ही पुण्याला गेलो. दुकानदाराने काउंटरवर दोन झूम लेन्स ठेवल्या.

"ही दोनशे दहा एमएमपर्यंत झूम होते, पण उजेड भरपूर घेते. ही तीनशेपर्यंत जाते, म्हणजे आणखी जवळ आणते, पण हिला ऊन लागतं. तुम्हाला कशासाठी हवीय?"

"वाइल्डलाइफ," मी म्हणालो. हा शब्द मी एसटीत बसून पाठ केला होता.

दत्तूने दोन्ही लेन्स हातात तोलून पाहिल्या. जगतापने काचेवर फुंकर मारली. मग दोघं माझ्याकडे बघू लागले. आता काहीतरी शास्त्रशुद्ध करून दाखवणं भाग होतं, आणि मला आयुष्यात एकच शास्त्र येतं. मी दत्तूला दुकानाच्या दारात उभं केलं, कॅमेरा त्याच्या डोळ्याला लावला आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलच्या बोर्डाकडे बोट केलं.

"वाचा."

"इडली, वडा, उपमा."

"खालची ओळ?"

"ती न्हाय लागत."

मी लेन्स बदलून घेतली. "आता? पहिल्याने बरं दिसत होतं की ह्याने?"

"ह्यानं. साधा डोसा, मसाला डोसा, आन् खाली बारीक ल्हिवलंय, बाहेरचे पदार्थ आणू नयेत."

"ही द्या," मी दुकानदाराला तीनशेवाली दाखवून म्हणालो.

दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही भर दुपारी बोर्ड वाचून घेताय. तुमची जनावरं किती वाजता बाहेर पडतात?"

"दिवस मावळायच्या सुमाराला."

त्याने भरपूर उजेड घेणारी लेन्स कपाटात परत ठेवली. मग तीनशेवाली बांधून दिली.

* * *

पहिल्याच रविवारी चिंकाऱ्यांचा कळप दिसला, आणि तो अर्थातच दिवस मावळायच्या सुमाराला दिसला. आम्ही अख्खा रोल संपवला. फोटो धुऊन आले तेव्हा लॅबवाल्याने काळजीने विचारलं, "रोल भिजला होता का हो?"

जगतापने प्रत्येक फोटोवर बॉलपेनने बाण काढले, म्हणजे चिंकारा कुठं आहे ते समजावं. दोन फोटोंत बाण कुठं काढायचा यावरून आमचं भांडण झालं.

ते फोटो दत्तूच्या घरी गेले. त्याच्या आईने एक फोटो उजेडाला धरून नीट पाहिला आणि विचारलं, "कुनाचं रान म्हनायचं ह्ये?"

शेजारचे चारजण जमले. रान कुणाचं, त्यात विहीर आहे का, बांध कुणी कोरलाय, यावर चहा संपेपर्यंत चर्चा झाली. चिंकाऱ्याचा विषय कुणी काढला नाही. शेवटी दत्तूने फोटो पाकिटात भरले आणि म्हणाला, "डाक्टर, लेन्स काय जवळ आनत न्हाय."

हे वाक्य त्याच्या घरातून निघालं ते थेट माझ्या दुकानापर्यंत आलं. लासुर्ण्याचे एक तात्या पेपर वाचायचा चष्मा न्यायला आले होते. चष्मा डोळ्याला लावून त्यांनी आधी मला न्याहाळलं, मग विचारलं, "ह्यो तरी जवळ आनतूय न्हवं?"

* * *

त्या लेन्सला एक खोडही होती. तोंड खाली केलं की झूमची नळी आपोआप घसरायची. जगतापने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिच्यावर चढवला. त्यानंतर ती घसरायची थांबली आणि फिरायचीही थांबली.

तशा अवस्थेत आम्ही ती उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो टिपायला नेली. पक्षी लांब होते. लेन्सला जमत नव्हतं म्हणून मीच जवळ जायचं ठरवलं. मी दहा पावलं पुढं गेलो की पक्षी सावकाश दहा पावलं पुढं जायचे. त्यांना घाई नव्हती. असं करत करत मी गाळात मांडीपर्यंत रुतलो, आणि लेन्स भिजू नये म्हणून कॅमेरा डोक्यावर धरून ओरडू लागलो.

दत्तूने दोर टाकायच्या आधी जगतापने आपल्या दुसऱ्या, साध्या कॅमेऱ्याने माझा फोटो काढला. त्या वर्षातला आमचा तो एकमेव स्पष्ट फोटो. त्याने तो मोठा करून, फ्रेममध्ये घालून मला दिवाळीला भेट दिला. नाइलाजाने मी तो दुकानात लावला.

एकदा डोळे तपासायला आलेल्या आजीबाई त्या फोटोपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो पक्षी आपल्याकडं कवाच बगितला न्हाय."

त्यांना जाड नंबर लागणार हे मी तिथंच ओळखलं.

* * *

लेन्स एक आणि माणसं तीन. म्हणून आम्ही कॅनॉलच्या पाण्यासारखी पाळी लावली. आधी मी, मग जगताप, शेवटी दत्तू. वरकुटं लांब, कॅनॉलच्या भाषेत टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला पडतं, त्यामुळं दत्तूपर्यंत लेन्स जाईस्तोवर महिना संपत आलेला असायचा.

"डाक्टर, टेलला पानी पोचत न्हाय त्ये सोडा," तो म्हणायचा, "लेन्स तरी पोचवा."

जगतापने एकदा बजावलं की लेन्स कोरड्या जागी ठेवा, नाहीतर आतून बुरशी धरते. दत्तूने ते मनावर घेतलं. त्याच्या पाळीत लेन्स कॅमेऱ्यासकट ज्वारीच्या कणगीत गेली.

पुढच्या रविवारी जगताप माळावर पालथा पडून कॅमेऱ्यातून बघत होता. अचानक तो कुजबुजला, "हलू नका. मोठं जनावर आहे."

"कुठं?" मी विचारलं.

"डाव्या अंगाला. काळं आहे. रानडुक्कर असावं." मग जरा थांबून तो म्हणाला, "पण हे आभाळातून का चाललंय?"

ज्वारीतला किडा आतल्या काचेवर फिरायला निघाला होता. तो काढायला आम्हाला दुपार लागली. "ह्येला मातूर जवळ आनलं हां लेन्सनं," दत्तू म्हणाला.

* * *

हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट माझ्या मनाला लागली होती. दत्तूच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता महिनाभराने चष्मा करायचा होता. आबांचा आधीचा चष्मा माझ्याकडचा, त्याच्या आधीचाही माझ्याकडचाच. पण दत्तू नजर चुकवत म्हणाला, "ह्या टायमाला पुण्याला करावा म्हंतोय. तुमी वाईट वाटून घिऊ नका."

वाईट वाटलंच. लेन्स निवडताना चुकलो होतो हे मला कबूल होतं, पण चष्म्याच्या कामात मी कधी चुकलो नव्हतो. आणि हे दत्तूला तोंडाने सांगायला मला लाज वाटत होती.

"तुझ्याच माळावर, सकाळच्या उन्हात लांडग्याचा फोटो काढून दाखवतो," मी म्हणालो. "नाही आला तर लेन्स विकून टाकू."

आबांनी ते ऐकलं. त्यांची उभी हयात मेंढरांमागं गेली होती आणि लांडग्याने त्यांची किती मेंढरं नेली याचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता. "मीबी येतू," ते म्हणाले.

सकाळी आम्ही चौघं माळावर गेलो. जगतापने कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला. मी सायकलची ट्यूब आदल्या दिवशीच काढून टाकली होती. ऊन स्वच्छ पडलं होतं. आणि ओढ्यापलीकडच्या बांधावर लांडगा खरोखरच येऊन बसला. नुसत्या डोळ्यांना तो मातीच्या ढेकळासारखा दिसत होता.

मी बटणावर बोट ठेवणार, तेवढ्यात आबा पुढं आले. "मला बगू दी आदी."

आबांना नाही म्हणायची आमची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्यांनी काठी उजव्या हातात घेतली, वाकले आणि ऑपरेशन झालेला डोळा कॅमेऱ्याला लावला.

"कुठं हाय? समदं पांढुरकं दिसतंय."

मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि हळूहळू लेन्सची कडी फिरवू लागलो. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं, "आबा, आता बरं दिसतंय?"

"न्हाय."

"आता?"

"जरा बरं."

"आणि आता?"

डोळा कॅमेऱ्यावरून न काढता आबांनी "हाऽऽड!" अशी आरोळी ठोकली, काठी उचलली आणि समोर दाणकन हाणली.

काच फुटल्याचा आवाज आला. स्टँड आडवा झाला. बांधावरचा लांडगा उभा राहिला, त्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि सावकाश पलीकडं उतरून गेला.

"लागली का त्येला?" आबांनी विचारलं.

"न्हाय लागली," दत्तू म्हणाला.

"पार नाकाम्होरं आला हुता की रं! तवा काय गप बसू व्हय?"

जगताप खाली बसून काचा वेचू लागला. दत्तूने वाकलेली लेन्स उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, धोतराच्या सोग्याने पुसावी तशी शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"डाक्टर," तो म्हणाला, "आबास्नी चष्म्याला कवा घिऊन येऊ?"