वाटाणा कधी पेरायचा

"वाफा मागत होती परवा. देते मी तिला! निफाडची असली म्हणून काय झालं, त्यांच्याकडे सगळं गडी करतात. हिला कोथिंबीर आणि गवत वेगळं कळलं तरी मिळवलं."

सासूबाई फोनवर नणंदेशी बोलत होत्या. भिंतीपलीकडे मी तांदूळ निवडत होते, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मीही खाकरले नाही. कमी बोलणाऱ्याच्या कानावर फार पडतं. त्यातून नाशिकरोडच्या आमच्या अंगणात वाफे तीन आणि जाणकारही तीन. लग्नाच्या पहिल्याच वर्षात एवढं साठलं, की सांगायचाही कंटाळा येतो.

यांची एकलहऱ्याला शिफ्टची नोकरी. सुटीच्या दिवशी एकदा हुरूप आला. आठ-आठ दिवसांनी थोडी थोडी पेरायची मेथी यांनी एका सकाळी अख्ख्या वाफ्यात पेरली. "एकदाच कटकट मिटली," म्हणाले. महिन्याभराने तीही एकदमच आली. भाजी, पराठे, डाळमेथी, पुन्हा भाजी. अकराव्या दिवशी सासऱ्यांनी ताटाकडे पाहिलं आणि शांतपणे मला विचारलं, "वैशाली, एकादशी कधी आहे गं?"

सासरे निवृत्त मास्तर. त्यांची तऱ्हा उलटी. फ्लॉवरची रोपं आणली आणि "जरा बळकट होऊ देत" म्हणून कुंडीतच ठेवली. संक्रांत गेली. शेवटी वाफ्यात लावली तेव्हा घरात पंखे सुरू झाले होते. पानं सुपाएवढी, गड्ड्याचा पत्ता नाही. "झाड तब्येतीत आहे," ते रोज म्हणायचे. शेजारच्या काकू कुंपणावरून बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "मास्तर, तंबाखू लावलीय का?"

वाटाण्याचं खातं सासूबाईंचं. ट्रंकेतून स्वेटर निघाले की वाटाणा पेरायचा, हा त्यांचा नियम. गेल्या खेपेला उन्हाने सगळी फुलं गळाली, तर शिव्या बियाणंवाल्याला. दसऱ्याला मी हळूच म्हटलं, "आई, आता पेरायला हवा. ऊन तापायच्या आत शेंगा भरतील."

"मला अजून घाम येतोय," त्या म्हणाल्या.

मी दोन मुठी बी रात्रभर भिजवलं आणि हौदामागच्या पट्टीत पेरलं. तिकडे माझ्याशिवाय कुणी फिरकत नाही. उगवलं नसतं, तर या घरात वाफ्याचं नाव पुन्हा काढायची सोय नव्हती.

डिसेंबरात ट्रंक उघडली. तिघं स्वेटर घालून ओट्यावर बसले.

"रविवारी उरकून टाकू," हे म्हणाले.

"अमावास्या जाऊ दे," सासरे.

"थंडी अजून मुरली नाहीये," सासूबाई.

तीनदा चहा झाला. चौथ्यांदा मी चहाऐवजी परात आणली आणि तिघांच्या मधोमध ठेवली. हिरव्या शेंगांनी शिगोशीग भरलेली. मग म्हटलं,

"तुमचं ठरेपर्यंत एवढ्या सोलून द्या. आणि आई, नळाजवळचा वाफा उद्यापासून माझा."