झाडामागचा सांधा

आमच्या गल्लीत लग्न ठरलेल्या, परीक्षा पास झालेल्या, परदेशी निघालेल्या सगळ्यांचे फोटो एकाच तळ्याकाठी काढलेले आहेत. गावात तळं नव्हतं. काकांच्या फोटो स्टुडिओत होतं, रंगवलेल्या पडद्यावर. तळ्याच्या मधोमध, पाण्यातूनच उगवल्यासारखं एक वाकडं झाड. लोक म्हणायचे, काकांचा हात काय आहे!

हात आत्याचा होता. ती स्टुडिओमागच्या खोलीत राहायची. खोली अरुंद, भिंत पडद्यापेक्षा आखूड, म्हणून कापडाचे दोन पट्टे वेगवेगळे रंगवून मग ते मधोमध शिवावे लागले. शिवल्यावर कळलं, डावीकडचं पाणी उजवीकडच्यापेक्षा चार बोटं वर.

काका कपाळाला हात लावून म्हणाले, "हे तळं आहे की जिना? उद्या गिऱ्हाईक यायचंय."

"ओरडू नकोस दादा. झाकते," ती म्हणाली, आणि सांध्यावर झाड उभं केलं.

हे तिनेच मला सांगितलं, हसत हसत. "पाण्यात झाड कुठून आलं म्हणून एकानेही विचारलं नाही बघ. फोटोत आपण कसे दिसतो, तेवढंच माणूस बघतो."

दिवसा समोरच्या खोलीत गिऱ्हाईक असे, आणि घरच्या बायकांनी तिथे यायचं नाही हा काकांचा नियम. दुकान बंद झालं की धूळ बसू नये म्हणून पडदा गुंडाळून वर बांधलेला. आत्याने स्वतःचं तळं अख्खं पाहिलं ते फक्त फोटो सुकत घालताना, छोटं, काळंपांढरं, आणि मध्ये नेहमी कुणाचं तरी डोकं. काका गेले, स्टुडिओ विकला, पडदा कुठे गेला ते कळलं नाही. मागची खोली तेवढी ठेवली, आत्या तिथेच राहिली. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर कपड्यांच्या घड्या. मी महिन्यातून एकदा जायचे, तेव्हा ती त्या घड्या उचलायची.

मग जुन्या स्टुडिओंच्या प्रदर्शनात तो पडदा लागल्याचं मला कळलं. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, 'छायाचित्रकाराने स्वतः रंगवलेला.' मी यंत्रांचे आराखडे काढते. आमच्याकडे साध्या बोल्टच्या चित्राखालीही कोपऱ्यात कुणी काढलं, कुणी तपासलं, दोन्ही नावं असतात. माझं डोकंच फिरलं.

आत्याला सांगितलं, तर तिने पाटीचं काही विचारलंच नाही.

"पूर्ण लावलाय का गं? उलगडून?"

"पूर्ण. पण त्यांनी तुझं नाव..."

"मला एकदा मोकळा बघायचाय. पुढे कोणी नसताना."

पाटीचं बोलायला मी गेले. प्रदर्शनाच्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचं खरं असेलही, पण घरातलं माणूस सांगतंय एवढ्यावर पाटी कशी बदलू?"

मी म्हटलं, "मागून बघा. झाडामागे सांधा आहे. डावीकडचं पाणी वर आहे. पुढून हे दिसत नाही, जिने झाकलं तिनेच मला सांगितलंय."

आम्ही पडद्यामागे गेलो. रंग कापडातून पाझरून मागे उतरला होता. झाड घाईत, पातळ रंगाने काढलेलं, ते मागे जेमतेम दिसत होतं. पाण्याच्या दोन रेघा मात्र स्पष्ट होत्या, शिवणीपाशी चुकलेल्या. बाईंनी दोन रेघांमध्ये बोटं धरून बघितली, बरोबर चार. पाटी बदलली. आत्याचं नाव आलं, एकटीचं.

नव्या पाटीच्या दिवशी मी तिला घेऊन गेले. ती इस्त्रीच्या साडीची घडी मोडून, केस नीट बसवून आली होती. दारातच बाईंनी हात धरला, "या, या, तुमचीच वाट बघतोय," आणि थेट पडद्यापुढे नेऊन खुर्चीवर बसवलं. पाठ तळ्याकडे, तोंड लोकांकडे. फोटो सुरू झाले. कुणी शेजारी उभं राहिलं, कुणी पायाशी बसलं. "आजी, इकडे बघा. आजी, थोडं हसा." आजी हसत होत्या. दोनदा आत्याने मान मागे वळवली, दोनदा कुणीतरी म्हणालं, "हलू नका हं."

मी पाटीचा फोटो घेत होते. वळले तर खुर्ची रिकामी. पण मोकळी जागा नव्हती. तिथे आता एक कुटुंब उभं होतं, त्यांच्यामागे दुसरं.

ती पडद्यामागे सापडली. भिंत आणि कापड यांच्यामध्ये, माणूस जेमतेम मावेल अशा जागेत, उभी.

"बघितलास?" मी विचारलं.

"लोक आहेत ना."

"मी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगते. थांब."

"नको. हौसेने आलेत." तिचा हात शिवणीवरून खाली उतरत होता. पलीकडे कुणीतरी हसण्यासाठी एक-दोन-तीन म्हणालं, आणि कापडातून क्षणभर उजेड आला.

"टाके अजून घट्ट आहेत," ती म्हणाली. "तू जा पुढे. मी येते."