कोमोच्या वाटेवर, अल खोर ते दोहा

सकाळी सातला अल खोरहून निघालो तेव्हा गाडीच्या काचा बाहेरून घामेजल्या होत्या. सप्टेंबरात कतारच्या किनाऱ्यावर असंच होतं. हवेत इतका दमटपणा की एसीतून बाहेर पाऊल टाकताच चष्मा पांढरा होतो. मी वायपर चालवले. शेजारी बसलेल्या हमीदाआपांनी मांडीवरची निळी फाईल दोन्ही हातांनी धरली होती. तीत आमचे पासपोर्ट होते, विमानाची तिकिटं होती, हॉटेलचं पत्र होतं. इटलीच्या व्हिसासाठी दोह्यात वेस्ट बेमधल्या एका टॉवरमध्ये आम्हाला दहाची वेळ मिळाली होती. सगळं जमलं तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी कोमोच्या सरोवराकाठी असणार होतो.

आपा रत्नागिरीकडच्या, मी नाशिकची. त्यांचे यजमान इस्माईलभाई रास लफानच्या गॅस प्रकल्पात स्टोअरकीपर आहेत, माझे मिस्टर तिथेच इंजिनिअर. पहाटे कंपनीच्या बस पुरुषांना घेऊन गेल्या की आमच्या वसाहतीत बायकाच उरतात. तशी आमची सोळा वर्षांची ओळख. आपा घरी शिवणकाम करायच्या. एकदा एका कतारी बाईंच्या लग्नाच्या पोशाखाचं कापड त्यांच्याकडे आलं. रेशीम इतकं तलम की त्यात सुई घालायला त्यांना दोन दिवस धीर होईना. कुठलं म्हणून विचारलं, तर इटलीत कोमो नावाच्या गावी, एका मोठ्या तळ्याकाठी विणलेलं. तेव्हापासून त्यांनी धोशाच लावला.

"मला ते गाव बघायचंय गो, सुमन. पण नीट. बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये बसा, तसलं नाय."

नीट म्हणजे कसं, हे ठरवण्यात आमचं वर्ष गेलं. टूर कंपनी नको. हॉटेल जुनं हवं, बागेच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरणाऱ्या. खोली दुसऱ्या मजल्यावर, कारण पहिल्या मजल्यावर झाडं आड येतात. ते मी हॉटेलला पत्र पाठवून विचारून घेतलं होतं. सकाळी पांढऱ्या बोटीने पलीकडच्या गावात जायचं, दुपारी रेशमाचं संग्रहालय, आणि रोज संध्याकाळी वेगळा पोशाख घालून बागेत कॉफी. सात संध्याकाळी, दोघींचे मिळून चौदा पोशाख. त्यांपैकी नऊ शिवून तयार होते.

तंबूच्या आकाराचं स्टेडियम मागे पडलं आणि सरळ रस्ता लागला. दोन्ही बाजूंना राखाडी सपाट जमीन, मधूनच एखादी खजुराची बाग, तिच्याभोवती भिंत. पेट्रोल पंपावर थांबून आम्ही करक (दुधात खूप उकळलेला, वेलदोडा घातलेला चहा) घेतला. आपांनी पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी काढली. गाडीभर वास पसरला.

"आपा, व्हिसावाले वासानेच नाही म्हणतील."

"म्हणून तर आत्ता खाऊन घे. तिथं मी नाय नेणार हां सुकट. तिथं चमच्याने खायचं."

मी हसले. चहाचा कागदी पेला डॅशबोर्डवर ठेवताना त्यांचा हात चुकला आणि चहा सांडला. फाईल वाचली याचंच आम्हाला हायसं वाटलं. पुढे लुसैलच्या उंच इमारती धुरकट दिसू लागल्या. बोलण्याच्या नादात माझं वळण चुकलं आणि वीस मिनिटं फुकट गेली.

व्हिसाच्या कार्यालयात आपांचे फोटो परत आले. आकार चुकीचा होता. खालच्या मजल्यावर एक फोटोवाला होता, नेपाळी तरुण. त्याने आपांना स्टुलावर बसवलं.

"मॅडम, इधर देखिए. कॅमेरे में."

"देखतेय ना."

"नहीं मॅडम, आप ऊपर देख रही हैं."

असं तीन वेळा झालं. मग आपांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने अगदी हळू, मराठीत म्हणाल्या, "सुमन, मला याचं डोकंच दिसतंय गो. खालचा माणूस नाय."

मी त्याला खुणेनेच थांबवलं. व्हिसाची वेळ दहा मिनिटांवर होती. माझ्या हातात ती निळी फाईल होती आणि खोटं कशाला सांगू, एक क्षणभर मी लिफ्टकडे पाहिलं. मग आपांना दंडाला धरून गाडीत बसवलं.

डोळ्यांच्या इस्पितळातले डॉक्टर सुदानी होते, वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता, मधल्या भागापर्यंत. त्याच संध्याकाळी ऑपरेशन करायचं ठरलं. त्यांनी इंग्रजीत विचारलं की आधी काही जाणवलं होतं का? विजा चमकल्यासारखं? काळे ठिपके?

आपा मान खाली घालून म्हणाल्या, "थोडंसं. दोन दिवस."

मी तेवढंच डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं. दहा दिवसांपूर्वी सुईत दोरा ओवताना त्या मला म्हणाल्या होत्या, "डाव्या डोळ्यात विजा चमकतात गो, आणि माश्या उडतात." मी लॅपटॉपवर बोटीचं वेळापत्रक बघत होते. मान वर न करताच मी म्हणाले होते, "नंबर वाढला असेल. एवढं व्हिसाचं होऊ दे, मग जाऊ दाखवायला."

इस्माईलभाई कामावरून परस्पर इस्पितळात आले. त्यांच्या हातात आपांची पिशवी देऊन मी सूर्य मावळायच्या सुमारास परतीच्या रस्त्याला लागले. शेजारच्या सीटवर फाईल होती.

ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी आपांच्या डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला दाबून धरणार होता, म्हणून दहा दिवस पालथं पडून, मान खाली ठेवून राहायचं. आणि बुडबुडा विरेपर्यंत विमान नाही. विमानात तो फुगतो आणि उरलीसुरली नजरही जाते. मी रोज दुपारी त्यांच्या घरी जायचे. पलंगाच्या कडेबाहेर कपाळ टेकवायला त्यांनी गादीची वळकटी केली होती. त्यांना फक्त फरशी दिसायची. मी खाली जमिनीवर बसायचे, म्हणजे त्यांना निदान माझे पाय दिसायचे.

चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "हॉटेलचं वाच ना." मी वाचू लागले. बाग, पायऱ्या, पलीकडच्या डोंगरावरचं बर्फ. थोड्या वेळाने फरशीवर एक थेंब पडला, मग दुसरा.

"खलास. बंद कर."

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. खोली मीच पत्र पाठवून रद्द केली.

नेमकं ज्या तारखेला आम्ही उडणार होतो, त्याच तारखेला त्यांची तपासणी आली. तोच रस्ता. आता हवा निवळली होती, काचा कोरड्या होत्या, आभाळ स्वच्छ निळं. प्रवासाला निघावं असाच दिवस. डॉक्टर म्हणाले, पडदा बसलाय, पण मधली नजर आता येणार नाही. कडेकडेचं, पुसट दिसेल. आपांनी एकच विचारलं, "सुईत दोरा?" मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या डोळ्याने सवय होईल, इन्शाल्ला.

परतताना त्यांनी अल खोरच्या धक्क्यावर गाडी थांबवायला सांगितली. ओहोटी होती. मासेमारीच्या लाकडी होड्या चिखलात कलंडल्या होत्या. आम्ही बाकावर बसलो. मला आणखी गिळून ठेवणं शक्य नव्हतं.

"आपा, तुम्ही मला सांगितलं होतं. मी तेव्हाच न्यायला हवं होतं."



"तुला विजांचं सांगितलं. डोळ्यासमोर खालनं काळा पडदा चढत होता, त्याचं नाय सांगितलं. फोटोच्या चार दिवस आधी आला तो. रोज सकाळी उजवा डोळा झाकून मी बघायची, किती वर चढलाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू तडक मला डॉक्टरकडे नेलं असतंस. व्हिसाची वेळ गेली असती." त्यांनी ओढणीने डोळ्याखालचं पाणी टिपलं. "मला वाटलं, एवढं बघून येऊ, मग काय व्हायचं ते होऊ दे."

हे खरं होतं, की माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून त्या बोलल्या, ते मला आजही माहीत नाही. विचारण्याचं धाडस झालं नाही. खरं असेल तर त्यांच्या त्या चार सकाळी मला सोसवत नाहीत, आणि खोटं असेल तर त्यांचा मोठेपणा सोसवत नाही.

आमचा सगळा प्रवास हा एवढाच. अल खोरहून दोहा आणि परत, दोन वेळा. एका तळ्याकाठची खिडकी कुठल्या दिशेला उघडते हे आम्ही वर्षभर पत्रं लिहून विचारत होतो. शेजारी बसलेल्या बाईला काय दिसतं, हे मला एकदा मान वर करून विचारता आलं नाही.

घरी पोचलो. त्यांच्या दाराला दोनच पायऱ्या आहेत. आपांनी पाऊल उचललं, ते पायरीच्या अलीकडेच टेकलं. एका डोळ्याला अंतर कळत नाही. मी हात पुढे केला.

"थांब," त्या म्हणाल्या. "मला शिकू दे."

मी हात मागे घेतला आणि उभी राहिले. त्यांनी भिंत चाचपली, चपलेच्या टोकाने पायरी शोधली आणि त्या वर चढल्या.