रोशनीच्या पिक्चरमधला धनराज

द्राक्षाच्या बागेत जानेवारीत कधी शिरलायत का? डोक्यावर वेलींचा मांडव असतो, आत हिरवट उजेड असतो, आणि त्या उजेडात बायका हात वर करून एकेक घडातले जास्तीचे मणी कात्रीनं छाटत असतात. सकाळी आठपासून हात वर ते पाचलाच खाली. खांदे भरून येतात, मान अवघडते. अशा वेळी माणसाला एक तर झोप येते, नाही तर रडू. मोहाडीच्या बागेतल्या बायकांना दोन्ही येत नसे, कारण त्यांच्यात रोशनी होती.

रोशनी पेठच्या डोंगरातली. दर हंगामाला टोळीबरोबर खाली यायची, बागेच्या कडेच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायची. सातवी शिकलेली, तिशीची, आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. भाकरी थापताना चुलीपाशी मोबाइल उभा करून ती साउथचे पिक्चर बघायची, हिंदीत डब केलेले, आणि दुसऱ्या दिवशी ओळीत उभी राहून सांगायची. पण जसेच्या तसे? छे, नाव नको! पिक्चरमध्ये समुद्र असला तर तिच्या तोंडी त्याचं गंगापूरचं धरण व्हायचं. नारळाच्या झाडांची मोहाची झाडं व्हायची. हिरो वीस गुंडांना लोळवायचा तो करंजाळीच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या ताडपत्र्यांवर. बंगल्यातली हिरोइन आधी नागलीची भाकरी थापायला शिकायची, मगच तिचं लग्न लागायचं. दोन तासांचा पिक्चर तीन दिवस चालायचा. मुकादम आधी खेकसला, मग त्याच्या लक्षात आलं की मारामारी सुरू झाली की कात्र्याही भराभर चालतात. तेव्हापासून तोही शेजारच्या ओळीत उगाच रेंगाळू लागला. लबाड कुठला!

या टोळीत सगळ्यांत वडील होती भिमाबाई. तिचा एकुलता धनराज पाच वर्षांपूर्वी वापीकडे कंपनीत कामाला म्हणून गेला तो गेलाच. आधी त्याचा फोन बंद झाला, मग सोबतच्या पोरांनाही तो दिसेनासा झाला. पोलिसांत कागद दिला, देवऋष्याकडे नारळ दिला, काही म्हणजे काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी भिमाबाईनं बोलणंच टाकलं. हात चालायचे, तोंड बंद. डब्यातली अर्धी भाकरी ती तशीच परत न्यायची.

नेमका त्याच जानेवारीत रोशनीनं एक पिक्चर बघितला. आई गावात वाट बघते, पोरगा शहरात कामाला जातो, आणि शेवटी इमारतीवरून पडून मरतो. रोशनीचं डोकंच फिरलं. "मारून काय मिळालं मेल्यांना?" असं ती चुलीपाशी एकटीच ओरडली. दुसऱ्या दिवशी ओळीत तिनं तो पिक्चर सांगितला, पण त्यातलं पोरगं मरू दिलं नाही. उलट त्याच्या डाव्या भुवईवर विळ्याचा व्रण दिला. त्याला आंब्याचं पान ओठांत धरून पाखरासारखी शीळ घालता येते, असंही सांगितलं. आणि शेवटी, शिवारात भाताची आवणी चालली असताना बांधावरून तीच शीळ येते, आई चिखलातून मान वर करते, आणि पोरगा म्हणतो, "आये, भाकर हाय का?"

व्रण धनराजचा. शीळ धनराजची. पहिल्या वर्षी एस.टी.ची वाट बघताना भिमाबाईनंच हे रोशनीला सांगितलं होतं आणि विसरून गेली होती. त्या दिवशी भिमाबाईनं कात्री खाली ठेवली. दुपारी डबा पुसून खाल्ला. चौथ्या दिवशी आपणहून म्हणाली, "रोशे, त्यो पिक्चर परत सांग." मग काय, दर हंगामाला चार-पाच वेळा तो सांगायचाच. बांध, शीळ, भाकर. ओळीतल्या बायका त्या हिरव्या उजेडात तरंगत असल्यासारख्या ऐकायच्या, आणि भुवईचा व्रण आला की भिमाबाई हळूच मान हलवायची. आपण एका म्हातारीला जगवलं म्हणून रोशनी मनातल्या मनात फुशारून जायची. का फुशारू नये?

यंदा मार्चमध्ये द्राक्षांचा शेवटचा कंटेनर परदेशी गेला आणि मालकांची सून अपूर्वा हसत बागेत आली. "रोशनी, तुझा पिक्चर आलाय! तो आईचा आणि हरवलेल्या मुलाचा. हिंदीत रीमेक झालाय. शुक्रवारी सगळ्यांना नाशिकला दाखवणार, माझ्याकडून."

"रीमेक म्हणजे काय वो वहिनी?"

"एका भाषेतली गोष्ट घ्यायची, गाव बदलायचं, माणसं बदलायची आणि परत काढायची."

"आत्ता गं बया! मग मी इतकी वर्सं काय करते?" रोशनी म्हणाली आणि सगळी टोळी खदखदून हसली.

शुक्रवारी सकाळी पिकअप निघाली. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती, केसांत अबोली माळली होती. भिमाबाईच्या मांडीवर एक पिशवी होती आणि तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती.

"काय आणलंय मावशी? थेटरात खायचं नेऊ देत नाय."

"मला कुठं खायचंय? धनराजचा शर्ट हाय. आन् दोन भाकरी."

रोशनीला कळेना. "कशाला?"

"आगं, आज दिसंल ना त्यो." भिमाबाईचा चेहरा लहान पोरीसारखा उजळला होता. "भुवई, शीळ, समदं त्याचंच. पिक्चरवाल्यांनी त्याला बघितल्याबिगर काढलं आसंल व्हय? दिसला की मी तिथल्या मानसाला इचारते, माझं पोरगं कुठं ठिवलंय तुम्ही."

आता बोला! इतर गोष्टी गोष्टीच आहेत, हे भिमाबाईला चांगलं ठाऊक होतं. पण ही तिनं खरी धरली होती, रोशनीनंच तशी घडवली होती. "मावशी, अगं ते..." तिनं सुरुवात केली. भिमाबाईनं तिचा हात घट्ट दाबला आणि म्हणाली, "तुझं लय उपकार हायती, पोरी." मग दिंडोरी रोड संपेपर्यंत रोशनी बाहेरच्या बागा बघत बसली.

थेटरात गारठा होता. बायकांनी पाय खुर्चीवर घेतले, पदर अंगाभोवती लपेटले. अंधार झाला आणि पडद्यावर पिवळीधम्मक सरसोंची शेतं उगवली, इतकी मोठी की आपणच त्यांत उतरतोय असं वाटावं. एक गोरा, गुळगुळीत पोरगा ट्रॅक्टरवर गात आला. भिमाबाई पुढं वाकली.

"ह्यो कोन?"

"त्याचा... मित्र असंल," रोशनी म्हणाली. जिभेची सवय, दुसरं काय!

"आन् धनराज?"

"येईल."

इंटरव्हल झाला तरी धनराज आला नाही. टोळीतल्या लताबाईनं पॉपकॉर्न पुढं केलं, भिमाबाईनं बघितलंसुद्धा नाही. पिशवी मांडीवर, नजर पांढऱ्या पडद्यावर. पुन्हा अंधार झाला. गाणी झाली, रंग आले नि गेले, आणि मग तो गुळगुळीत पोरगा उंच इमारतीच्या कडेला उभा दिसला. पुढं काय होणार हे अख्ख्या थेटरात एकट्या रोशनीला ठाऊक होतं. हिंदीवाल्यांनी सगळं बदललं होतं, मरण तेवढं तसंच ठेवलं होतं.

पोरगा पडला. पडद्यावरच्या आईनं टाहो फोडला, तसा टोळीतल्या बायकांनीही. भिमाबाई रोशनीकडं वळली. "रोशे, ह्योच का त्यो? सांग. ह्योच हाय का?"

आता मात्र रोशनीला खोटं सुचेना, आणि सुचलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं. "नाय मावशी. धनराज ह्यात नाय. कधीच नव्हता. व्रण मी घातला, शीळ मी घातली. तूच मला सांगितलं होतंस, एस.टी. स्टँडवर. मी तुला फसवलं." ती हुंदके देत बोलत होती, पुढच्या रांगेतले लोक वळून बघत होते, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

भिमाबाईनं पडद्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी मेला त्यो माझा नव्हं."

"नाय."

"बरं झालं," भिमाबाई म्हणाली आणि पाठ टेकून बसली.

बाहेर चारचं ऊन भगभगत होतं. बायका डोळे पुसत पायऱ्यांवर बसल्या. अपूर्वा पाण्याच्या बाटल्या वाटत होती, तिच्यापुढं भिमाबाई जाऊन उभी राहिली. "वहिनी, तुमच्या मोबाइलात पिक्चर निघतो ना? माझा काढा."

"तुमचा?"

"मला त्यो दिसला नाय. पर त्याला मी दिसंन. आजकाल समदी पोरं मोबाइल बघत्यात, कुठंबी असली तरी. वापीच्या पोरांना धाडा, ती म्होरं धाडतील."

अपूर्वानं मोबाइल धरला. रोशनीनं पुढं होऊन भिमाबाईचा पदर सारखा केला आणि सवयीनं म्हणाली, "मावशी, सुरुवात अशी कर, की बांधावरून..."

"तू गप," भिमाबाई म्हणाली. "ह्यात तू काय बी घालू नको."

रोशनी गप झाली. जन्मात पहिल्यांदा असेल बहुतेक.

भिमाबाईनं पिशवीतून शर्ट काढून छातीशी धरला. "धनराज, मी आय बोलते," ती म्हणाली. "तू बैल इकलास म्हनून मी तुला मारलं. समद्या गावासमोर म्हनले, परत तोंड दाखवू नको." रोशनीनं दचकून वर बघितलं. हे भिमाबाईनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. रोशनीच्या पिक्चरमधल्या आईनं तर पोराला कधी चापट मारली नव्हती. "तू लय ऐकलंस रं माझं. पाच वर्सं ऐकलंस. आता नको ऐकू." तिनं शर्ट मोबाइलपुढं धरला. "बैल गेला, जाऊ दे. तू तोंड दाखव."