व्याह्यांना धाडलेला धूर

डहाणूत स्टेशनकडे जाताना चिकूची एक वाडी लागते. तिच्या कुंपणापाशी मला रोज एक म्हातारा दिसायचा. कानाला मफलर आणि खाली हाफपँट. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पण मुलगी तलासरीला दिलीय आणि व्याह्यांशी बिनसलंय, हे त्याने न विचारताच सांगितलं होतं.

हिवाळ्यात दुपारी समुद्राचा वारा सुटला की तो चिकूचा पाचोळा पेटवायचा. धूर पूर्वेला निघाला की हात झाडून म्हणायचा, "गेला तलासरीला. खाऊ दे आता व्याह्यांना."

रात्री वारा फिरायचा. थंडीत धूर वर चढत नाही, त्यामुळे सकाळी तो सगळा खाडीवर आणि वाडीवर बसलेला असायचा. म्हातारा खोकत कुंपणाशी यायचा, नाक वर करून हुंगायचा आणि भडकायचा.

"बघा! आपलाच धूर, चिकूच्या पानांचा! व्याह्यांनी तसाच्या तसा परत धाडला. माणसाने दिलेलं ठेवून घ्यावं की नाही?"

"मग पेटवू नका ना, काका," मीही खोकत म्हणायचो.

"म्हणजे मी माघार घेऊ?"

पावसाळ्यात पाचोळा भिजला आणि वारा एकसारखा समुद्राकडूनच वाहू लागला. हवा इतकी स्वच्छ, की मी मुद्दाम कुंपणाशी थांबून छाती भरून श्वास घेतला. म्हातारा मात्र तोंड पाडून पूर्वेकडे बघत उभा होता.

"काय झालं, काका?"

"महिना झाला, तिकडून काहीच नाही," तो म्हणाला. "व्याह्यांनी बोलणंच टाकलंय."