उत्तरं न वाचणारे साहेब

‘उत्तर राहू दे. वेळ किती लागला, ते सांग.’

आमच्या सर्व्हेवाल्या साहेबांचं हे पालुपद. म्हणताना चष्मा कपाळावर चढवायचे. म्हणजे समोरचा माणूस अंधुकच दिसणार. पण माणूस बघायचा होता कुणाला?

साताऱ्यात माझी खानावळ, आणि वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. सातारा-सांगलीत घरोघर फिरून बायकांच्या खाण्यापिण्याची माहिती काढायची, असलं काम. पोरंपोरी टॅबवर उत्तरं भरायची. तुम्ही-मी असतो तर ती उत्तरं वाचली असती. साहेब टॅबनं आपोआप टिपलेलं बाकीचं वाचायचे. कुठं बसून विचारलं, कुठल्या प्रश्नावर किती वेळ गेला. लग्नाला जाऊन नवरा-नवरीऐवजी मांडवाचे खांब बघणारा माणूस, म्हणा ना.

जेवतानाही तेच.

‘काकू, तो कोपऱ्यातला चटकन उठला. आमटी बिघडलीय.’

‘आवं, त्याची गाडी हाय.’

‘आणि हा अजून जेवतोय. म्हणजे भाजी आवडली.’

‘त्याची दाढ दुखतीया.’

साहेब ‘हं’ म्हणायचे आणि पुढच्या ताटाकडं बघायचे. शिकल्यासवरल्याचं असंच असतं.

पण एकदा त्यांच्या डोळ्यांनी काम केलं, हे खोटं कसं म्हणू? वाईच्या दोन पोरांनी एका दुपारी अख्खी आळी उरकली. साहेबांनी नकाशा उघडला आणि लाडानं विचारलं, ‘काय रं, वाईतली सगळी कुटुंबं एकाच रसवंतीत राहतात?’ पोरं घरी गेली. पुण्याच्या मोठ्या ऑफिसला फार वाईट वाटलं. खोट्याचं नव्हे हो, भराभर येणारं काम थांबलं याचं.

मग पाळी आली जतच्या पोरीची. पदरात लहान लेकरू, घरात हिचाच काय तो पगार. हिची एकेक मुलाखत संपता संपेना. ‘काल शेवटी कोण जेवलं, आणि तिला काय उरलं?’ या प्रश्नाशी टॅब नुसता उघडा पडून राहायचा.

‘झाडाखाली झोपत असणार,’ साहेब म्हणाले. ‘काढून टाकू.’

फोनवर पोरगी रडकुंडीला आली. ‘न्हाई वो सर, वेळ लागतुया.’

‘कशाला?’

पोरगी पुन्हा तेच, ‘वेळ लागतुया, सर.’ काढायच्या आधी रंगेहाथ पकडावी, म्हणून साहेब स्वतः जतला गेले.

परत आले ते उन्हानं करपून. समोर ताट वाढलं, तरी हात लावेनात.

‘काकू, सून बोलायच्या आत सासूच सांगते, आमच्यात समदी पोटभर जेवत्यात. ही पोरगी ते लिहीतच नाही. टॅब मांडीवर ठेवून कानडीत मेंढरांची चौकशी करते, टँकर कवा येणार विचारते. सासू उठून गेली की पुन्हा तोच प्रश्न. मग सून खाली बघून सांगते, काल नुसती आमटी प्याले.’ ताट बाजूला सारून म्हणाले, ‘आणि मी म्हणत होतो, झोपते.’

वर जाऊन त्यांनी बाकीच्यांचं काढून बघितलं. तो प्रश्न सगळीकडं कसा झटपट सुटलेला! दोन जिल्ह्यांतल्या सासवांनी आपापल्या सुनांना जेवू घातलं होतं, टॅबवर. साहेब अडून बसले. त्या सगळ्या घरांत पुन्हा जायचं, सुनेला एकटीला गाठून विचारायचं. पुणं म्हणालं, वेळ नाही. साहेब म्हणाले, मग अहवालावर माझी सही नाही.

शेवटी तोडगा निघाला. घरं पुन्हा विचारायची, जतच्या पोरीनं बाकीच्यांना शिकवायचं, आणि साहेबांनी दुसरं काम बघायचं. इतका स्वस्त सौदा पुण्याला कुठं मिळणार!

जायच्या दिवशी ते दुपारी जेवायला आले. जेवण झालं, हात धुतला, तरी बाकावरून हलेनात.

‘काकू, तुम्ही कधी जेवता?’

इतकी वर्षं खानावळ चालवतेय, कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘समद्यांचं आवरलं की.’

‘आज काय उरलंय?’

मी पातेल्यावर झाकण ओढलं. पातेल्यात रस्सा होता थोडा.

साहेब उठले, चुलीपाशी आले, माझ्या हातात पिठाचा डबा दिला आणि म्हणाले, ‘दोन भाकऱ्या थापा. तुमच्यासाठी.’ मी जेवत होते आणि हा माणूस दारात पाठ करून उभा. नवं गिऱ्हाईक आलं की सांगायचा, ‘जरा थांबा. आत काकू जेवतायत.’